किसनरावांचा ब्रेक

किसनरावांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि ते खरं होतं. "मी मारत नाई कोणाले. आपल्याले कायले पाह्यजे मारामारी? मी फकत पाहत असतो," असं म्हणून ते अडकित्त्यात सुपारी धरत आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघत बघत ती कातरत. तुकडा तळहातावर पडेपर्यंत समोरचा माणूस आपण काय सांगायला आलो होतो ते विसरून गेलेला असे.

मी जऊळक्याला नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांच्या घराच्या रस्त्याकडच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. माझे मिस्टर नोकरीनिमित्त गडचिरोलीकडं, त्यामुळं मी एकटीच. खोली दाखवताना किसनरावांनी भिंतीवर बोटानं टकटक केली आणि म्हणाले, "बाईमाणूस एकटं राह्यलं का भिंतीले कान फुटतात म्हणतात. माह्यावाल्या भिंतीले डोये बी हायेत, सिस्टर." आणि हसले. या वयातही दात पांढरेशुभ्र. म्हातारा गमत्या आहे, असं मला वाटलं.

साठी ओलांडलेली, पण पाठ ताठ. इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरा पायजामा, आणि बुडाखाली एक जुनी काळी फटफटी. गाडी मुलापेक्षा मोठी. लग्नानंतर आधी गाडी घेतली आणि मग पोरगं झालं, हे ते कौतुकानं सांगत, कौतुक गाडीचं. रोज सकाळी मंजुळाकाकूंच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं ती पुसत. फडकं मऊ पाहिजे, म्हणून काकूंचं एक धड लुगडंही त्यांनी एकदा काकूंसमोरच टर्रकन फाडलं होतं. काकू म्हणजे त्यांची बायको. घरात तिसरं माणूस म्हणजे सून वैशाली. मुलगा उमेश पुण्याला कंपनीत होता आणि पोळा-दिवाळीला येऊन जायचा. बायकोला पुण्याला न्यायचं त्याच्या मनात होतं, पण किसनरावांनी एकदाच विचारलं, "तुही माय म्हातारी झाली, तिले टाकून जातं का?" मग तो विषय संपला.

माणसाचा आनंद कशात असतो ते लगेच कळत नाही. किसनरावांचा आनंद लोकांना पकडण्यात होता. चोरी पकडावी, लबाडी पकडावी, असं नाही. कुणी घटकाभर टेकलंय, कुणी पोटभर हसतंय, कुणी आपल्याच माणसाशी जीव लावून बोलतंय, अशा वेळी अचानक समोर उभं राहायचं. मग रागवायचं नाही. हात वर करून गोड आवाजात म्हणायचं, "चालू द्या, चालू द्या." त्या दोन शब्दांनी बोलणाऱ्याची जीभ टाळूला चिकटायची.

त्यांच्या सोयाबीनमध्ये निंदणाला येणाऱ्या बायांत एक यमुना होती, लेकुरवाळी. बाभळीला झोका बांधून त्यात पोर निजवायची. एका दुपारी ती पोराला पाजायला बसली आणि किसनराव धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे. ती गडबडीनं उठू लागली तर म्हणाले, "बस, बस. चालू दे. पोराचं पोट भरू दे आधी." स्वतः बाभळीखाली बसले, पाठ करून, सुपारी कातरत. यमुना मनातून विरघळली. गावात सांगत सुटली की लोक उगाच बोलतात, मालक देवमाणूस आहे. दुसऱ्या दिवशी बाया जमल्या तेव्हा किसनरावांनी एकेकीचं नाव घेऊन सगळ्यांना वावरात पाठवलं. यमुना तेवढी झोक्याची दोरी हातात घेऊन धुऱ्यावर राहिली. तिनं विचारलं, "मालक, मी?" ते म्हणाले, "तू घरी बसून पाज न बाई. इथं ऊन लागते लेकराले." बाया हसल्या. हसणं भाग होतं, काम त्यांच्याकडंच होतं. त्या हंगामात यमुनेला त्यांनी परत बोलावलं नाही आणि दुसऱ्या मालकांकडंही तिच्याबद्दल दोन शब्द पोचते केले. हे मला किसनरावांनीच सांगितलं, चहा पिता पिता, एखादी गंमत सांगावी तसं.

अशा माणसाबरोबर ती दोन बायामाणसं कशी जगत असतील, याचं मला नवल वाटे. उत्तर माझ्या कानांवर रोज पडत होतं, पण मला ते उमगायला बरेच दिवस लागले.

त्यांच्या गाडीचा मागचा ब्रेक ओरडायचा. साधं कुरकुरणं नव्हे. कीऽऽच असा लांब, चिरका, दातांत शिरणारा आवाज. घराकडं वळायच्या आधी मारुतीच्या पाराजवळ उतार आहे, तिथं ब्रेक दाबावाच लागायचा. पारावरून तो आवाज उठला की आमच्या घरात हालचाल सुरू व्हायची. टीव्ही बंद. वैशालीचा फोन कणकेच्या डब्यामागं. काकूंचा पदर डोक्यावर, हातात सूप. शेजारीण बसलेली असली तर ती मागच्या दारानं बाहेर. किसनराव ओसरीत चपला काढेपर्यंत घर असं दिसे, की जणू सकाळपासून कुणी तोंडच उघडलेलं नाही. आणि ते गेल्यावर तेच घर वेगळं होतं. काकूंना नकला छान साधायच्या, हे मला तेव्हा कळलं. सरपंच, कीर्तनकार, मी इंजेक्शन देताना नाक कसं मुरडते, सगळं. मी ड्यूटीवरून आले की त्या दोघी मला आत ओढत. ब्रेक ओरडेपर्यंत आम्ही तिघी मोकळ्या.

किसनरावांना त्या आवाजाचं काही वाटत नसे. जुनी गाडी आहे, ओरडणारच. उलट रस्त्यावरची ढोरं बाजूला होतात, म्हणायचे.

मग एक दिवस शेताच्या वाटेवर गाडी पंक्चर झाली. गाडी तिथंच एकाच्या गोठ्यात लावून ते पायी आले. दुपारची वेळ. काकू ओसरीत बसून किसनरावांचीच नक्कल करत होत्या. हातात अडकित्त्याऐवजी चिमटा, डोळे बारीक केलेले, आवाज गोड: "मी फकत पाहत असतो, सिस्टर." वैशाली पोट धरून हसत होती. मीही हसत होते. दारात सावली पडली.

"चालू द्या, चालू द्या," किसनराव म्हणाले.

काकूंच्या हातातला चिमटा तसाच राहिला. वैशाली उभी राहिली, डोक्यावर पदर घ्यायला गेली आणि भीतीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "गाडीचा आवाजच नाई आला."

किसनरावांनी वैशालीकडं बघितलं, मग काकूंकडं, मग रस्त्याकडं, जिथं गाडी नव्हती. मी त्यांचा चेहरा पाहत होते. एखाद्याला आपल्याच घरात पुरलेला हंडा सापडावा तसा तो हळूहळू उजळत गेला. म्हणाले, "अस्सं आहे काय." आणि हातपाय धुवायला मागं गेले. जेवताना त्यांनी भाजीची तारीफ केली. काकूंना त्या दिवशी घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टँडवरच्या रफिक मिस्त्रीला घरी बोलावलं. गाडी त्याच्या दुकानी न्यायची सोडून त्यालाच बोलावलं, यातच सगळं आलं. घरच्यांनी बघायला हवं होतं. अंगणात पोतं अंथरून रफिकनं मागचं चाक काढलं. ड्रम उघडल्यावर काळी भुकटी सांडली. आतले लायनर, चाक धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, घासून घासून काचेसारखे चकाकत होते. रफिक म्हणाला, "काका, हे पाहा. गुळगुळीत झाले न, म्हणून वरडते. हे पकडत नाई आता, घसरते फकत." त्यानं पॉलिश पेपरनं लायनर खरबरीत केले, ड्रम आतून पुसला, भुकटी झटकली, जिथं लोखंडावर लोखंड फिरतं तिथं बोटाच्या टोकानं जरासं ग्रीस लावलं. किसनराव खुर्ची टाकून बसले होते. काकूंना त्यांनी चहा करायला सांगितला, वैशालीला फडकं आणायला, मग पाणी आणायला, मग नुसतंच उभं राहायला.

"थोडं तेल सोड न आत," ते म्हणाले. "म्हंजे कायमचा चूप बसन."

रफिकनं मान वर केली. "काका, ब्रेकले तेल दाखवू बी नोका. आवाज जाईन, अन् ब्रेक बी जाईन. लायनर संपत आले हायेत. नवे टाका लागतीन. ह्या गाडीचे इथं भेटत नाई, अकोल्यावरून मागवतो."

"मागव," किसनराव म्हणाले. चाक बसवलं. ते गाडीवर बसून पारापर्यंत गेले आणि उतरून आले. ब्रेक दाबला. गाडी मुकाट्यानं दारात येऊन उभी राहिली. किसनराव हसून बायकोला म्हणाले, "कसं वाटलं?"

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. घर मुकं झालं. ते कधीही दारात असत. शेतावर जातो म्हणून निघत आणि पारावरूनच परतत, इंजिन बंद करून उतारानं गाडी तशीच घरंगळत आणत. काकू भांडी घासता घासता मान वळवून बघायच्या. रस्त्यानं पान वाजलं तरी वैशाली दचकायची. मी तिला झोपेसाठी, भुकेसाठी औषधं दिली. उपयोग नव्हता, हे मलाही माहीत होतं.

आणि एका दुपारी त्यांनी तिला पकडलंच. ती मागच्या अंगणात तुळशीजवळ बसून आईशी फोनवर बोलत होती, रडत होती. किसनराव मागून गेले आणि खांद्यावरून हात घालून फोन काढून घेतला. ओढला नाही, पिकलेलं फळ खुडावं तसा काढला. मग स्पीकर लावला. "इहीणबाई, रामराम. मी बोलतो किसनराव. पोरगी काय सांगत होती तुमाले? माह्या कानानं कमी ऐकू येते. आता पुन्हा सांगते थे, मोठ्यानं. सांग वं."

मी भिंतीपलीकडं होते. धावत आले. वैशाली तुळशीजवळ उभी होती. पलीकडून आईचा आवाज, "काई नाई हो, काई नाई म्हणे ती." किसनराव शांत. "नाई कशी? रडत होती न? सांग. सासरा कसा हाये म्हणत होती? तोच शब्द सांग."

वैशालीनं सांगितलं. एकेक शब्द त्यांनी तिच्याकडून वदवून घेतला. चुकली की दुरुस्त करत, कारण त्यांनी तो आधीच ऐकला होता. आई पलीकडं रडत होती. मी म्हणाले, "काका, पुरे झालं." ते म्हणाले, "सिस्टर, तुमी भाडेकरू हा. हे घरातलं हाये." शेवटी त्यांनी फोन वैशालीच्या हातात परत दिला, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खरं बोललीस. मले आवडलं." त्या दिवसापासून वैशालीनं आईला फोन केला नाही. फोन कणकेच्या डब्यामागंही ठेवला नाही. देवघरात उघड्यावर ठेवून दिला, बंद करून.

आमच्याकडच्या रस्त्यांची धूळ मात्र कुणाचं ऐकत नाही. सोयाबीनच्या गाड्या सुरू झाल्या, रस्ते उखडले, आणि ब्रेक पुन्हा कुरकुरायला लागला. आधी बारीक, मग स्पष्ट. मला आठवतं, तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा काकूंनी पीठ मळता मळता हात थांबवला आणि त्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग आला. किसनराव बेचैन झाले. रफिककडं दोन चकरा मारल्या. लायनर अजून आले नव्हते. "काका, दमानं घ्या, येतीन," तो म्हणाला. दम हा गुण किसनरावांकडं दुसऱ्याला छळण्यापुरताच होता.

पुढचं मी पाहिलं नाही. मी लसीकरणाला गेले होते. काकूंनी मला ते नंतर सांगितलं, अगदी सरळ, एकदाच.

सकाळी किसनरावांनी गाडी अंगणात घेतली. लांब नळीची तेलाची कुपी आणली आणि ड्रमच्या फटीतून आत तेल सोडलं. मागच्या चाकात सोडलं, मग पुढच्यातही. काकू दारात उभ्या होत्या. किसनरावांनी विचारलं, "काय पाहतं?" काकू म्हणाल्या, "काई नाई." त्यांनी अंगणात गाडी जरा पुढं-मागं करून बघितली. आवाज गेला होता. ते समाधानानं हसले आणि स्टेशनच्या बाजूला निघाले.

"मी पाह्यलं, सिस्टर," काकू मला म्हणाल्या. "सगयं पाह्यलं. मिस्त्री काय म्हणला होता थे बी मले याद होतं. पण त्यानं त्यायले सांगतलं होतं, मले नोहतं सांगतलं. मंग मी कायले बोलू?"

स्टेशनकडं रस्ता उतरतो. उताराच्या तळाशी सोयाबीननं भरलेली ट्रॉली उभी होती. बघणारे सांगत होते, किसनरावांनी ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, पाय आपटून आपटून दाबला. गाडी गेली ती गेलीच. आवाज काहीच नाही आला, म्हणाले लोक. ट्रॉलीवर आदळल्याचाच तेवढा आला.

अकोल्याला नेलं. जगले. कमरेखालचं सगळं गेलं, डावा हातही लुळा पडला. उजवा हात आणि जीभ शाबूत राहिली. उमेश पुण्याहून आला, बापाला घरी आणून ओसरीतल्या खाटेवर टाकलं आणि परत जाताना बायकोला घेऊन गेला. किसनराव खाटेवरून म्हणाले, "तुही माय एकटी राह्यली न रे." उमेश म्हणाला, "एकटी कुठं? तुमी हा न." वैशाली सासऱ्याच्या पाया पडली. त्यांना पायांचं काही कळत नव्हतं, ते तिला माहीत होतं. म्हणून तिनं पायाला हात लावला नुसता, वर तोंडाकडं पाहिलं नाही.

मग राहिली दोघं. मी रोज सकाळी पाठीच्या जखमांचं ड्रेसिंग करायला जायचे. पडून राहणाऱ्या माणसाला होतात त्या जखमा, खोल, वास येणाऱ्या. काकू सगळं करायच्या. कुशीवर वळवायच्या, स्वच्छ करायच्या, भरवायच्या. पण बोलायच्या नाहीत. एक शब्द नाही. माझ्याशी मोठ्यानं बोलायच्या, खाटेजवळ बसून शेजारणीशी हसायच्या, टीव्ही लावायच्या, पण त्यांच्याकडं तोंड करून कधी काही म्हणाल्या नाहीत. वरण गरम आहे का, मीठ बरोबर आहे का, काही नाही. घास तोंडाशी न्यायच्या आणि तोंड उघडलं नाही तर ताट उचलायच्या. किसनराव आधी टोमणे मारत, मग शिव्या देत, मग ओरडत. काकू भिंतीकडं बघावं तसं बघत. मी एकदा म्हणाले, "काकू, हो-नाही तरी म्हणत जा." त्या म्हणाल्या, "लय बोलली मी जन्मभर. सगयं वाया गेलं."

किसनराव मात्र मऊ पडले नाहीत. दुखण्यानं माणूस शहाणा होतो म्हणतात. मी इतकी दुखणी पाहिली, मला तसा अनुभव नाही. एकदा जखम धुताना ते मला म्हणाले, "सिस्टर, तुमी रोज कायले येता? पडलेल्या माणसाले पाहाले मजा येते न?" मी पट्टी बांधली. ते म्हणाले, "येते, येते. मले ठाऊक हाये. मले बी येत होती."

दोनेक वर्षांनी माझी बदली झाली, मानोऱ्याकडं. सामान टेम्पोत चढवून मी निरोप घ्यायला आत गेले. काकू बाहेर निघायच्या तयारीत होत्या. अंगावर जरीकाठी लुगडं, केसांना तेल, हातात कापडी पिशवी. शिरपूरला त्यांच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. लग्नानंतर बहिणीच्या घरी त्या एकट्या कधी गेल्याच नव्हत्या. शेजारीण दुपारी येऊन बघणार होती, संध्याकाळी काकू परत येणार होत्या. बाहेर ऑटो उभी होती, पुढं स्टँडवरून बस.

मी खाटेजवळ गेले. पाण्याचा तांब्या खिडकीच्या कोनाड्यात ठेवलेला, हात पोचणार नाही असा. मी काकूंकडं बघितलं.

"जवय ठेवला का सांडवते," काकू मला म्हणाल्या. "मुद्दाम. मंग गादी ओली होते."

बाहेर ऊन होतं. दुपारपर्यंत तहानेला काय करणार, म्हणून मी तांब्या उचलून त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला. किसनरावांनी माझ्याकडं पाहिलं, मग काकूंच्या लुगड्याकडं, मग पिशवीकडं. बोटं तांब्याभोवती धरली. मला वाटलं, पितील. त्यांनी तो हळूच कलंडवला. पाणी छातीवरून, चादरीवरून, पाठीखाली गेलं. सगळं संपेपर्यंत त्यांनी तांब्या तसाच धरून ठेवला. आणि ते हसले, पांढऱ्याशुभ्र दातांनी. जखमेला ओल लागून चालणार नाही, चादर बदलावी लागणार, गादी उन्हात टाकावी लागणार, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न दिला.

काकूंनी ओल्या गादीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "वाळन संध्याकाळपावतर." पिशवी उचलली आणि उंबरा ओलांडला.

"मंजुळे," किसनराव म्हणाले. त्यांच्या तोंडून काकूंचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "मंजुळे! ए!"

ऑटो सुरू झाली. त्यांचं हसू अजून तोंडावरच होतं. ते काढून कुठं ठेवावं हे त्यांना सुचत नव्हतं.

मी कोरडी चादर काढली. त्यांना कुशीवर वळवलं, जखम पुसली, पट्टी बदलली. त्यांचं तोंड दाराकडं होतं.

"गेली?" त्यांनी विचारलं.

मी दारात जाऊन पाहिलं. ऑटो पार ओलांडून वर चढत होती. काकू मधोमध बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घेऊन, तोंड समोर रस्त्याकडं.

"गेल्या."

"मांगं पाह्यलं का तिनं?"

नर्सला खोटं बोलायची सवय असते. बरं वाटेल, दुखणार नाही, टाके लवकर सुटतील, असं आम्ही दिवसभर बोलत असतो.

"नाही," मी म्हणाले.